परदेशात कपड्यांवरून गरीब-श्रीमंत ओळखायला गेले आणि चुकले

शनिपारची

गेल्या डिसेंबरात आई आणि मी तीन आठवडे केनियात, नैरोबीला होतो. धाकटा भाऊ तिथे नोकरीला आहे आणि वहिनीचे दिवस भरत आले होते. पहिल्या चार दिवसांतच मी इकडे नवऱ्याला फोनवर सांगून टाकलं, "इथे आपल्यासारखी गरिबी नाही रे दिसत."

कशावरून सांगितलं? फक्त कपड्यांवरून. सकाळी भावाबरोबर गाडीतून निघालं की रस्त्याच्या दोन्ही कडांनी माणसांची रांग चालत असायची. पुरुषांच्या अंगात कोट, इस्त्रीची पँट, पायात चकाकते बूट. बायका स्कर्ट-ब्लेझरमध्ये, केसांच्या बारीक वेण्या घट्ट, नीट घातलेल्या. मला वाटलं, ऑफिसला निघालेत, व्यायाम म्हणून चालत असतील. डोळ्यांसमोर आपल्याकडचा मजूर अड्डा आला: विटलेले शर्ट, दुमडलेल्या पँटी, प्लास्टिकच्या चपला. मनातल्या मनात तुलना झाली आणि निकालही लागला.

भावाकडे घरकामाला एक बाई येतात, चाळिशीच्या. आई त्यांना पहिल्या दिवसापासून मावशीच म्हणायला लागली. येताना निळा ब्लेझर, मोत्यांची कानातली, काळे बंद बूट. आल्या की आत जाऊन साधा झगा घालायच्या, जाताना पुन्हा ब्लेझर. त्या पहिल्यांदा दारात दिसल्या तेव्हा भावाच्या ऑफिसातल्या कुणी वरिष्ठ असतील असं समजून मी उठून उभी राहिले होते.

त्या किबेरा नावाच्या झोपडपट्टीत राहतात. पत्र्याची एक खोली, चार माणसं, पाणी वीस लिटरच्या कॅनने विकत. मटाटूचं, म्हणजे तिथल्या वडापचं, भाडं वाचवायला तासभर चालत येतात. सकाळची ती रांग अशीच, भाडं वाचवणाऱ्यांची. पिशवीत जुन्या चपला असतात. वस्तीतला लाल चिखल तुडवून डांबरी रस्त्याला लागलं की पाय पुसायचे आणि बूट चढवायचे.

ब्लेझर किबेराशेजारच्या टोई बाजारातला, दोनशे शिलिंगचा. आतल्या पट्टीवर इंग्लंडातल्या दुकानाचं नाव. या कपड्यांना तिथे मितुंबा म्हणतात. स्वाहिलीत मितुंबा म्हणजे गाठोडी. युरोप-अमेरिकेत लोकांनी देऊन टाकलेले कपडे साधारण ४५ किलोच्या दाबून बांधलेल्या गाठींतून मोंबासा बंदरात उतरतात आणि नैरोबीच्या गिकोम्बासारख्या मोठ्या बाजारांत जातात. दुकानदार गाठ न फोडताच विकत घेतो, आत काय निघेल ते नशीब.

दहाव्या दिवशी वहिनीला दवाखान्यात नेलं. आई निघाली ती नेहमीसारखीच: धुऊन धुऊन मऊ झालेली सुती साडी, पायात चपला, खांद्याला कापडी पिशवी. मावशींनी भावाला बाजूला घेतलं आणि हळूच विचारलं, "तुमच्या आईंना बूट नाहीत का? मी टोईतून बघून आणते. पायाचं माप तेवढं द्या."

माझी आई बँकेतून निवृत्त झाली आहे. सदाशिव पेठेत स्वतःचा फ्लॅट आहे. आणि पत्र्याच्या खोलीत राहणारी बाई तिच्यासाठी पदरच्या पैशाने बूट आणायला निघाली होती. भावाने सांगितलं तेव्हा मला बराच वेळ काही बोलता आलं नाही. मी त्यांना सुखवस्तू समजले, त्यांनी आईला गरजू समजलं. त्यांची चूक निदान कुणाच्या उपयोगी पडणारी होती.

तेव्हापासून वाटतंय, प्रत्येक गावाचा एक न लिहिलेला नियम असतो: घराबाहेर पडताना अंगावरची कोणती गोष्ट ठीक असायलाच हवी. नैरोबीत ती गोष्ट बूट. आपल्याकडे साडी स्वच्छ हवी, गळ्यात मंगळसूत्र हवं, पायांकडे कुणी फारसं बघत नाही. परक्या गावात आपण आपलाच नियम लावत फिरतो. तुम्ही कुठे असे चुकलात? तुमच्याबद्दल कुणाची अशी चूक झाली?

मुळामुठा

बुटांचं अगदी खरं. इथिओपियात, अदिस अबाबाला कोपऱ्या-कोपऱ्यावर बूट पॉलिश करणारी मुलं बसलेली असतात, लिस्त्रो म्हणतात त्यांना. पावसाळ्यात चिखलातून आलेला माणूस आधी तिथे थांबतो आणि मगच कामावर जातो. माझे वडील पुढच्या महिन्यात नैरोबीला चाललेत, म्हणून धागा बारकाईने वाचतोय.

आखातवारी

मी अकरा वर्षं दुबईत बांधकामाच्या साइटवर सुपरवायझर होतो. तिथे दोन्ही टोकांना गणवेशच.

इमिराती पुरुषाच्या अंगात पांढरा पायघोळ कंदुरा. सरकारी कचेरीतला कारकून आणि दहा इमारतींचा मालक लांबून सारखेच दिसतात. फरक कापडात, गळ्याच्या शिवणीत, मनगटावरच्या घड्याळात. ते ओळखायला मला दोन-तीन वर्षं लागली. दुसऱ्या टोकाला आमची माणसं निळ्या डांगरीत. त्यांच्यातही राजस्थानचा कोण, नेपाळचा कोण, घरी दहा एकर असलेला कोण आणि कर्ज काढून आलेला कोण, काही कळायचं नाही. १५ जून ते १५ सप्टेंबर दुपारी साडेबारा ते तीन उघड्यावरचं काम बंद ठेवण्याचा तिथे नियम आहे. त्या वेळात सावलीत आडवी झालेली शंभर माणसं पाहिली की पर्यटक बसमधून फोटो काढायचे.

सुट्टीच्या दिवशी मात्र हीच माणसं सोनापूरच्या कामगार कॅम्पातून देऱ्याला, दुबईच्या जुन्या भागात यायची. कडक इस्त्रीचा शर्ट, गॉगल, केसांना तेल, खाडीच्या काठावर उंच इमारती मागे धरून फोटो. एकदा माझ्याच गँगमधला एक मुलगा समोरून "सर" म्हणाला आणि मी त्याला ओळखलं नाही. रोज नऊ तास ज्याच्या बरोबर असायचो, त्याचा चेहरा मी डांगरीशिवाय पाहिलाच नव्हता. याची आजही खंत वाटते.

तो फोटो गावी जातो. माझं गाव रत्नागिरीकडचं. तिथे तो फोटो बघून पुढचा मुलगा एजंटला पैसे भरतो. सुट्टीवर येणारा माणूस विमानातून नवी जीन्स, नवे बूट घालून उतरतो, कारण स्टेशनवर न्यायला सगळी वाडी आलेली असते. कर्ज किती फिटलं ते त्या जीन्सवर लिहिलेलं नसतं. म्हणजे परदेशाबद्दलचा समज पर्यटकाचाच चुकतो असं नाही, घरी बसलेल्यांचाही कपड्यांवरूनच चुकतो.

अर्थाअर्थी

मी अर्थशास्त्र शिकवतो. शनिपारची, तुमचा नियम अॅडम स्मिथने १७७६ मध्येच मांडून ठेवला आहे. ग्रीक आणि रोमन लोक लिननच्या सदऱ्याशिवाय सुखात राहत, पण त्याच्या काळात युरोपच्या बऱ्याच भागांत चार लोकांत जायचं तर साध्या रोजंदारीवाल्यालाही लिननचा सदरा नसल्याची लाज वाटेल, असं तो म्हणतो. पुढे पायताणाचंही उदाहरण आहे. इंग्लंडमध्ये चामडी बूट गरीब बाईलाही हवेत. स्कॉटलंडमध्ये खालच्या थरातल्या पुरुषाला हवेत, बाईला अनवाणी चालण्यात कमीपणा नाही. अमर्त्य सेन यांनी गरिबीचा विचार करताना हे उदाहरण वारंवार घेतलं. लाज न वाटता लोकांत जाता येणं ही सगळीकडची गरज, तिच्यासाठी काय लागतं ते मात्र गावागणिक वेगळं. मावशी चार घास कमी खात असतील पण बूट ठेवतात, ते याचमुळे.

दुसरा मुद्दा जास्त महत्त्वाचा वाटतो. नैरोबीचा मजूर कोटात आणि आपला विटलेल्या शर्टात, याला दोन देशांची आयात धोरणं कारणीभूत आहेत. केनियात १९९० च्या दशकात बाजार खुला झाला, मितुंबा लोटला आणि तिथल्या अनेक कापडगिरण्या बंद पडल्या. आपल्याकडे घालण्याजोगे जुने कपडे आणून बाजारात विकण्यावर निर्बंध आहेत. पानिपतला परदेशी लोकरी कपडे येतात ते फाडून, कापून. त्यांचा धागा पिंजून स्वस्त ब्लँकेटं विणतात. म्हणजे इंग्लंडातला तोच ब्लेझर केनियात गरिबाच्या अंगावर ब्लेझर म्हणून जातो आणि भारतात गरिबाच्या अंगावर ब्लँकेट होऊन येतो. पर्यटकाला पहिली गरिबी दिसत नाही, दुसरी दिसते.

रवांडाने २०१६ मध्ये जुन्या कपड्यांवरचं आयात शुल्क किलोमागे ०.२० डॉलरवरून २.५० डॉलरवर नेलं. आपल्या लोकांच्या अंगावर आपलं कापड असावं ही भूमिका. त्यावर अमेरिकेने २०१८ मध्ये रवांडाच्या तयार कपड्यांची शुल्कमाफी स्थगित केली. टाकलेले कपडे कुणी घालावेत यावरून दोन देशांत इतकं होऊ शकतं.

दुपारचा चहा

धागा चांगला आहे, पण मूळ प्रश्नच पटत नाही. चार दिवस फिरायला गेलेल्या माणसाने समोरचा गरीब की श्रीमंत हे ठरवायचंच कशाला? बघावं, खावं, यावं.

शनिपारची

@दुपारचा चहा, ठरवायचं नाही म्हटलं तरी ठरतंच हो. मी टीप किती दिली, भाजीवालीशी घासाघीस किती केली, पर्स छातीशी कुणासमोर आवळली, हे सगळं त्या समजावर ठरलं. फोटोचंही तसंच. कोटातल्या माणसाचा फोटो काढायच्या आधी मी परवानगी मागत होते. फाटक्या गंजीतल्या मुलाचा तसाच काढला. तो नंतर पुसून टाकला.

रफूवाली

मी थोडं वेगळं म्हणणार आहे. कपडे खोटं बोलत नाहीत. आपण चुकीच्या जागी बघतो.

आमचं नारायण पेठेत शिंपीकामाचं दुकान होतं, मी बाबांच्या हाताखाली शिकले. गिऱ्हाईक दारात आलं की बाबा कापडाचा भाव बघत नसत, शिवण बघत. कॉलरची घडी घासून पांढरी झाली आहे का. कॉलर उलटवून शिवली आहे का, उलटवलेल्या कॉलरचा टोकाजवळ टाका वेगळा पडतो. शाळेच्या स्कर्टला खाली जुन्या दुमडीची रेघ आहे का: पट्टी दोनदा उसवून सोडली असेल तर त्या मुलीने तोच स्कर्ट तीन वर्षं घातला. आणि सगळ्यात मोठी खूण खांद्याची शिवण. ती खांद्याच्या हाडावर बसली नसेल, दंडावर ओघळली असेल, तर तो कपडा दुसऱ्याच कुणाच्या मापाने बेतला होता. बाकी कितीही धुवा, इस्त्री करा, खांदा सांगतो.

शनिपारची, आठवून सांगा, मावशींच्या ब्लेझरचा खांदा कुठे होता?

आणि आपल्याकडे मितुंबा नाही असंही नाही. बोहारीण जुने शर्ट, साड्या घेऊन स्टीलचं पातेलं देते, ते कपडे जातात कुठे? धुऊन, टाचून, बटणं लावून बाजारात येतात. बुधवारी-रविवारी जुना बाजार भरतो तिथे जाऊन बघा. मजूर अड्ड्यावरच्या माणसाच्या अंगातला शर्ट कोथरूडमधल्या कुणाच्या तरी कपाटातला असू शकतो. फक्त तो चार वर्षं घातल्यावर दिलेला असतो, नैरोबीचा ब्लेझर चार वेळा घालून दिलेला.

कॉलर उलटवायला आता कुणी येत नाही. २००५ साली जगातले कापडाचे कोटे, म्हणजे आयातीवरच्या मर्यादा, उठले, त्यानंतर कपडा इतका स्वस्त झाला की शिलाईच्या पैशात नवा शर्ट येतो. बाबांची एक अख्खी विद्या त्यात गेली. त्यामुळे हल्ली खुणा वाचणंही कठीण झालंय, हे मान्य.

शनिपारची

खांदा! तुम्ही लिहिलं आणि आठवलं. दोन्ही बाजूंनी दोन बोटं खाली होता. मी रोज बघत होते आणि दिसला नाही. टोईत आणि गिकोम्ब्यात शिलाई मशीन घेऊन बसलेले लोक असतात, घेतलेला कपडा तिथेच मापाचा करून देतात. मावशींनी बाह्या आखूड करून घेतल्या होत्या. खांदा उसवायचे पैसे जास्त पडतात म्हणे.

ढोले पाटील रोड

उलट दिशेचा अनुभव पुण्यातच घेता येतो. आजोबांचं कोरेगाव पार्कजवळ किराणा दुकान होतं. १९७४ मध्ये तिथे रजनीशांचा आश्रम सुरू झाला आणि गोरे लोक भगव्या कपड्यांत फिरायला लागले, पुढे त्याचे मरून झगे झाले. एकरंगी सुती झगा, रबरी स्लिपर, भाड्याची सायकल. डझनभर केळ्यांसाठी घासाघीस करायचे. आजोबांना खरोखर दया यायची. आपल्याकडे भगव्यातला माणूस म्हणजे सगळं सोडून आलेला. एका जर्मन बाईंना ते कधी मोजून पैसे मागत नसत, वर मूठभर शेंगदाणे घालत.

त्या बाई पेशाने दंतवैद्य होत्या, हे दोन वर्षांनी कळलं. बंगल्याचं जे भाडं त्या महिन्याला देत होत्या ते आमच्या दुकानाच्या कमाईहून जास्त होतं. आजोबांना फसवल्यासारखं वाटलं नाही. ते म्हणाले, "मी झग्याला शेंगदाणे दिले, तिला नाही." शेंगदाणे पुढेही चालू राहिले.

अर्थाअर्थी

@ढोले पाटील रोड, झगा काढून परत जाता येतं, हा त्यातला मोठा फरक. गांधीजींनी २२ सप्टेंबर १९२१ ला मदुराईत पंचा स्वीकारला आणि १९३१ मध्ये त्याच वेशात ते बकिंगहॅम राजवाड्यात गेले. निवडलेला पंचा आणि दुसरं काही नाही म्हणून नेसलेला पंचा परदेशी पाहुण्याला एकसारखाच दिसणार. ज्याने निवडला, त्याने मात्र तो सारखा दिसावा म्हणूनच निवडला होता.

अँडीजवाट

बोलिव्हियात, ला पाझला, मी असंच चुकले. घेरदार परकर, खांद्यावर शाल, दोन लांब वेण्या आणि डोक्यावर तिरकी गोल हॅट घातलेल्या आयमारा या मूळनिवासी समाजातल्या बायका. त्यांना चोलिता म्हणतात, परकराला पोयेरा. रस्त्याकडेला बसलेल्या पाहून मला खेड्यातून आलेल्या गरीब बाजारकरणी वाटल्या. त्यांतल्या काही घाऊक व्यापारी असतात. सणाचा पूर्ण पोशाख, विकुन्या नावाच्या तिथल्या प्राण्याच्या लोकरीची शाल आणि दागिने धरून, हजारो डॉलरांत जातो. वरच्या बाजूला एल आल्तो शहरात फ्रेडी मामानी या वास्तुरचनाकाराच्या रंगीबेरंगी इमारती आहेत: खाली दुकानं, मध्ये नाचाचा भव्य हॉल, वर मालकाचं घर. अशा इमारती बांधून घेणारी आयमारा व्यापारी घराणीच.

आणि याच पोशाखात पूर्वी त्यांना ला पाझच्या मुख्य चौकात, प्लाझा मुरिल्योत, फिरकू देत नसत. वाचताना राग आला होता. मग २०२४ मध्ये बेंगळुरूच्या एका मॉलच्या दारात धोतर नेसलेल्या म्हाताऱ्या शेतकऱ्याला अडवल्याची बातमी आली. अडवणारा आपलाच, अडवलेला आपलाच. तिथे तर परक्या देशाची सबबही नव्हती.

नऊवार

पुण्याचं नाव निघालंच आहे तर तो फोटो पुन्हा बघा: १० ऑक्टोबर १८८५, फिलाडेल्फियाचं महिला वैद्यकीय महाविद्यालय. आपल्या आनंदीबाई जोशी साडीत, जपानच्या केई ओकामी किमोनोत, दमास्कसच्या साबात इस्लांबुली त्यांच्या वेशात. तिघी डॉक्टर होण्याच्या वाटेवर. मी तो पहिल्यांदा पाहिला तेव्हा कोण सधन घरची, कोण ओढग्रस्त, असा विचार मनात आलाच नाही. कारण या कपड्यांची किंमत लावायची पट्टीच माझ्याकडे नव्हती. फक्त आनंदीबाईंच्या साडीचे काठ मी बघितले, कारण ते मला वाचता येतात.

आनंदीबाई १८८६ मध्ये पदवी घेऊन परतल्या आणि २६ फेब्रुवारी १८८७ ला पुण्यात गेल्या. वय एकवीस. त्या अमेरिकेच्या थंडीतही साडीत राहिल्या. रस्त्यावरच्या अनोळखी माणसाने त्यांच्याकडे बघून काय समज करून घेतला असेल, हे माझ्या मनातून जात नाही. शनिपारची, तुमच्या आईंना बूट विचारणारी निदान एक बाई भेटली.

मुळामुठा

सगळं वाचलं. आता एक सांगा. वडील पंचाहत्तरीचे, आयुष्यभर पायजमा-सदरा आणि कोल्हापुरी. भावाकडे महिनाभर राहणार, नैरोबीतच. त्यांना काय न्यायला सांगू? ते म्हणतात, "मी आहे तसाच जाणार." मला त्यांना बदलायचंही नाही आणि कुणी त्यांच्याकडे वेगळ्या नजरेने बघावं असंही वाटत नाही.

शनिपारची

सदरा-पायजमा खुशाल नेऊ दे, फक्त इस्त्रीचा. नैरोबी उंचावर आहे, संध्याकाळी गार होतं, स्वेटर हवाच. कोल्हापुरी घरात घालू देत. बाहेर जाताना बंद बूट, आणि पॉलिशची डबी व ब्रश सामानात टाका, लाल माती फार धरते. आईने शेवटी बूट घेतले, टोईतूनच, मावशींबरोबर जाऊन. काळे, पट्ट्याचे. पैसे कुणी द्यायचे यावर दुकानासमोर दोघींचं मराठी-स्वाहिलीत बराच वेळ चाललं होतं. आईने पैसे दिले, मावशींनी भाव पाडला. ते बूट घालून आई विमानतळावर आली आणि घालूनच पुण्यात उतरली. काल भाजी आणायला मंडईत निघाली तेव्हाही तेच पायात होते.